खारवलीचा घुमट

आनंद चौबळच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. ते अकरा महिने कुठलंही नवं झेंगट गळ्यात न पडता सरावेत, एवढीच त्याची इच्छा होती. पालिकेच्या रस्ते विभागात तो उपअभियंता होता. तेहेतीस वर्षं खड्डे, गटारं, चोरीला जाणारी झाकणं आणि त्यावरून येणारे फोन यांत गेली होती. आता संध्याकाळी डोंबिवलीतल्या घराचे तीन जिने चढून आला, की दारात तो मिनिटभर नुसताच उभा राहायचा. सरोज, त्याची बायको, पाण्याचा पेला हातात द्यायची आणि काही विचारायची नाही. विचारण्यासारखं काही नसतं, हे तिलाही एव्हाना कळून चुकलं होतं.

घरात तिसरे होते भाऊ, आनंदचे वडील. वय शहाऐंशी. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. मोतीबिंदू काढल्यापासून नजर चांगली होती, हात मात्र थरथरायचे. तरुणपणी दर रविवारी सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून ते बाहेर पडत आणि दिसेल ते जलरंगात उतरवून आणत. त्यातली बरीच चित्रं ओलीनं गेली, काही वाळवीनं, काही घर बदलताना. एक तेवढं उरलं होतं. ते बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं.

चित्रात डावीकडे दगडी चौथऱ्यावर एक जुनी कबर होती आणि तिच्यावर काळपट घुमट. उजवीकडे दोन कमानींचा बुटका पूल. पुलाखाली ओहोटीचा चिखल, त्यात पाण्याची एकच चकाकती रेघ, आणि पाठीमागे पारसिकचा डोंगर, निळसर, जवळजवळ पुसला गेलेला. माणूस एकही नाही. कोपऱ्यात सही आणि साल, एकोणीसशे एकसष्ट. नवा पाहुणा आला की विचारायचा, हे कुठलं? भाऊ सांगायचे, "खारवली. दिव्याच्या अलीकडे, मिठागरांपाशी. आता काही नसेल तिथं."

एका रात्री आनंद जेवून पलंगावर आडवा झाला होता आणि दिवसभरात साइटवर काढलेले फोटो मोबाइलवर पुढे सरकवत होता. डोंबिवलीहून दिव्याकडे जाणारा नवा रस्ता त्याच्याकडे होता. सहा वर्षं रखडून तो आता कुठे हलायला लागला होता. भाऊ शेजारी येऊन बसले. नकाशा असो की फोटो, त्यांना बघायला लागायचंच.

"थांब. मागे घे," ते एकदम म्हणाले.

"काय झालं?"

"मागे घे म्हणतो ना. तो कचऱ्याचा."

फोटोत प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग होता, एक फुटका कमोड होता, आणि ढिगाखालून काळ्या दगडांची एक वाकडी ओळ डोकावत होती. भुवईइतकी. भाऊंनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग उठून भिंतीवरच्या चित्रापाशी गेले.

"हा माझा पूल आहे," ते म्हणाले. "आनंद, अरे, पूल आहे अजून!"

आनंदला त्या क्षणी फक्त इतकंच वाटलं, की आता झोप लागणार नाही.

रविवारी भाऊ सकाळी सातलाच तयार होऊन बसले. चित्र भिंतीवरून उतरवून त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळलं होतं. ते घरीच ठेवा, जिन्यात धडकेल, असं सरोज म्हणाली. पण जागा जुळवून बघायची तर चित्र बरोबर हवंच, यावर भाऊ अडून बसले. शेवटी चित्र आनंदनं काखेत धरलं, दुसऱ्या हातानं भाऊंना धरलं, आणि दोघं एकेक पायरी उतरत खाली आले. रिक्षात चित्र दोघांच्या गुडघ्यांवर आडवं राहिलं. खारवलीपर्यंतच्या रस्त्यानं त्यांना इतकं हादरवलं, की रिक्षावाला स्वतःच म्हणाला, "काका, हा रस्ता कधी होणार?" आनंदनं चित्रावरची चादर सारखी केली.

पूल पाहायला वेळ लागला नाही. भाऊ नाकाला रुमाल लावून कचऱ्याच्या कडेला उभे राहिले, काठीनं त्यांनी कमानीचे दगड ठोकून पाहिले आणि मान डोलावली. मग ते उत्तरेकडे वळले आणि पावलं मोजू लागले.

"साठ पावलं. तेव्हा मी मोजली होती. माझी तेव्हाची पावलं मोठी होती, तू ऐंशी धर."

ऐंशी पावलांवर खोल्यांची रांग होती. पत्र्यांची छपरं, वर एकावर एक चढवलेले मजले, मधून माणूस जेमतेम जाईल एवढी गल्ली. पावलं जिथं संपली तिथं एका दारात पाच निळी पिंपं ओळीनं लावलेली होती आणि एक साठी ओलांडलेली बाई पाइपानं सहावं भरत होती. टँकर नुकताच आला असावा. सगळी गल्ली ओली होती.

"कोन पायजे?" तिनं विचारलं.

आनंदनं नाव सांगितलं, पालिकेतून आलो म्हणाला. बाईनं पाइप खाली टाकला, पदर सारखा केला आणि आत हाक दिली, "अवो, रस्त्यावालं सायेब आलं!"

तिचं नाव रंगूबाई. खोलीत शिरताच आनंदच्या गुडघ्याला दगड लागला. खोलीचा अर्धा भाग एका चौथऱ्यानं खाल्लेला होता. घडीव काळे दगड, कडेला बारीक नक्षीची पट्टी, मधोमध कबरीचा उंचवटा. त्यावर गॅसची शेगडी होती, डबे होते, घासलेली भांडी पालथी घातली होती. एका कोनाड्यात तेलाचा दिवा होता. उरलेल्या अर्ध्या खोलीत पलंग, आणि पलंगावर तिचा नवरा धाकू. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली होती. त्यानं डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला.

भाऊ चौथऱ्यावर हात ठेवून उभे होते. थरथरत्या बोटांनी ते नक्षीची पट्टी चाचपत होते.

"घुमट?" त्यांनी वर पत्र्याकडे पाहत विचारलं.

"तो माज्या लग्नाआदीच परला. सासरा सांगायचा, एका पावसात सगला खाली बसला. दगर लोकांनी नेलं. मी आली तवा ह्यो थरगाच होता. मंग बाजून भिती घातल्या, वर पत्रा टाकला." रंगूबाई शेगडी पेटवत म्हणाली. "बसा ना, बाबा. त्याच्यावरच बसा. तो काय बोलत नाय."

भाऊ कबरीच्या कडेला बसले. चहा आला. मग त्यांनी चादर सोडून चित्र दाखवलं. रंगूबाईनं हात पुसले, चित्र दिव्याजवळ धरलं आणि बराच वेळ पाहिलं. धाकूच्या डोळ्यांसमोरही नेऊन धरलं. धाकू तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

"काय म्हणतात?" भाऊंनी विचारलं.

"इचारतात, आमचा खोपट कुठं हाय? सासऱ्याचा खोपट पुलाच्या अंगालाच होता ना. ह्ये तिकरंच जन्मलं. ह्या फोटोत नाय तो."

"होतं," भाऊ म्हणाले. "कुडाचं होतं. दारात बकरी होती. मी नाही काढलं."

"का नाय?"

भाऊ जरा अडखळले. "चित्रात ते बसत नव्हतं."

रंगूबाई हसली. "बरा झाला. नायतर किती फाटका व्हता त्ये पन दिसला असता."

निघताना तिनं आनंदला दारात गाठलं. घराच्या यादीतली पावती तिनं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा डब्यात, अशी जपून ठेवली होती. रस्त्यात जाणाऱ्या एकतीस खोल्यांना नव्या इमारतीत घरं मिळणार होती. सहा वर्षांपूर्वी मोजणी झाली होती.

"सायेब, औंदा व्हईल ना? खरा सांगा. आता माज्यानं पिंप उचलवत नाय, आनि ह्यांना पन उचलवत नाय."

"दोन महिन्यांत ताबापत्रं निघतील," आनंद म्हणाला. ते खरंही होतं. फाइल त्याच्याच टेबलावर होती.

परतीच्या वाटेवर भाऊ एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे बोलत होते. घरी पोचताच त्यांनी कपाट उघडून एक जुनी वही काढली. शिवण सुटलेली, पिवळी पडलेली. खारवलीच्या पानावर पेन्सिलीचं कच्चं रेखाटन होतं आणि शेजारी बारीक अक्षरांत नोंदी. पुलापासून कबर साठ पावलं. चौथरा चौरस, बाजू चार पावलं. घुमट अखंड, कुठेही तडा नाही, उंची अदमासे चौदा फूट. कारखान्यात नकाशे काढणाऱ्या माणसाची वही होती ती. आनंदनं ते पान वाचलं आणि वही परत दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी पत्र लिहायला घेतलं. पुरातत्त्व खात्याला एक, आयुक्तांना एक.

"भाऊ, ती बाई सहा वर्षं थांबली आहे," आनंद म्हणाला.

"तिला घर मिळेलच की! मी तिच्या घराच्या आड कुठे येतोय? रस्ता दहा फूट बाजूला घ्या म्हणतोय."

"दहा फूट बाजूला घ्यायचा म्हणजे परत मोजणी, परत मंजुरी. फाइल परत पहिल्यापासून फिरणार."

"मग फिरू दे. तीनशे-चारशे वर्षं उभी राहिलेली गोष्ट आहे ती. तुझ्या फाइलीला चार महिने जास्त गेले म्हणून काय बिघडलं? आणि तुझी सही नाही मागत मी. माझ्या नावानं पाठवतोय."

आनंदनं एवढंच ठरवलं, की वाद घालायचा नाही. वाद घालायला अंगात बळ लागतं. पत्र जाईल, कुठल्यातरी टेबलावर पडेल, तोवर ताबापत्रं निघून जातील, असा त्याचा हिशेब होता.

तो हिशेब सलिलनं चुकवला. सलिल म्हणजे सरोजचा भाचा. घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहायचा, कंपनीत काम करायचा आणि शनिवार-रविवार लोकांना जुन्या जागा दाखवत हिंडायचा. तो आत्याकडे जेवायला आला, चित्र पाहिलं, खारवलीची गोष्ट ऐकली आणि खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"आजोबा, हे अमेझिंग आहे! कुणालाच माहीत नाहीये हे. मी टाकतो ना नेटवर. चित्र आणि आत्ताचा फोटो, बाजूबाजूला."

"टाक," भाऊ म्हणाले.

आठवड्याभरात ते चित्र हजारो लोकांनी पाहिलं. मग वर्तमानपत्रात आलं, भाऊंच्या फोटोसकट. रस्त्याखाली गाडला जाणार का हा वारसा, असा मथळा. पत्र ज्या टेबलावर पडून राहायचं होतं तिथून ते झटक्यात वर गेलं आणि तितक्याच झटक्यात आदेश खाली आला. पाहणी होईपर्यंत खारवलीच्या टप्प्यातलं सगळं काम थांबवा. ताबापत्रंसुद्धा.

कार्यकारी अभियंत्यांनी आनंदला केबिनमध्ये बोलावलं. समोर वर्तमानपत्र होतं.

"चौबळ, हे तुमचे वडील?"

"हो, सर."

"काम तुमचं, आणि पत्र तुमच्याच घरातून?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेलेच दिसत होते. "जा," ते म्हणाले. "आता पाहणीला कोणी येईल तेव्हा येईल."

महिना गेला, दुसरा गेला. एका संध्याकाळी आनंद घरी आला, तेव्हा दारात झिजलेल्या रबरी चपला होत्या. आत रंगूबाई जमिनीवर बसली होती आणि भाऊ खुर्चीत. पेपरातलं नाव दाखवत, विचारत विचारत ती तीन जिने चढून आली होती. सरोज स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणतात," ती हळूच आनंदला म्हणाली.

"चहा नको, ताई. पानी पिली मी," रंगूबाई म्हणाली. दोन पेले तिच्यासमोर रिकामे होते. मग ती भाऊंकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"बाबा, तुमी माज्या घरी आलं, मी तुमाला चहा दिला. तुमी तवा बोल्लं नाय, का असा कायतरी लिवनार हाव म्हून."

"मी तुमच्या घराविरुद्ध काही लिहिलं नाही, बाई. मी त्या कबरीबद्दल लिहिलं."

"तेच ना माजा घर."

भाऊंनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

"चालीस वर्सा झाली, मी त्याला दिवा लावतंय. कोनाचा हाय, ठाव नाय. पन ह्यांना मी एकटी उचलून भायेर संडासाला नेतंय, रोज, पावसात पन. तुमी बसलं व्हतं ना तिकरं, घरात? सगला मोजलात. आमाला नाय बघितला?"

रंगूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "वरून सायेब बोलतात, आता पाच वर्सा बी लागतील. तुमी मोठी मानसां. कायतरी करा, नायतर नका करू. मी आली सांगायला." सरोज तिला सोडायला खालपर्यंत गेली.

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. सकाळी त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या पत्रातली माझी मागणी मी मागे घेतो. आनंद ते स्वतः पुरातत्त्व खात्यात घेऊन गेला. तिथल्या लिपिकानं वाचलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की आता ही एका माणसाची मागणी राहिलेली नाही. इतक्या लोकांनी पत्रं पाठवली आहेत. पाहणी होणार, अहवाल होणार, मगच काय ते. आनंदनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "म्हणजे लिहिणं सोपं होतं."

पुढचे चार महिने त्या घरानं कसे काढले ते सरोजलाच विचारावं. भाऊ खिडकीशी बसून राहायचे. वर्तमानपत्र आलं तर उघडायचे नाहीत. सलिलचा फोन आला की, "झोपलेत म्हणून सांग," असं तिला म्हणायचे. आनंदनं दोनदा खारवलीला चक्कर टाकली. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो परत फिरला. पाचवं पिंप, सहावं पिंप, आणि त्यांच्यामागे वाकलेली पाठ त्याला लांबूनच दिसली. काय सांगायचं हे ठरत नव्हतं, आणि काही न सांगता चहा प्यायचं धैर्य होत नव्हतं.

पाहणी मार्चमध्ये झाली. खात्याकडून आलेली अधिकारी तरुण होती, तिशीची. प्राची नावाची. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा, आणि बोलणं मृदू पण नेमकं. तिनं भाऊंना मुद्दाम बोलावलं होतं, चित्रासह. पूल पाहून झाल्यावर ती रंगूबाईच्या खोलीत आली. शेगडी, डबे, भांडी रंगूबाईनं आधीच हलवली होती. चौथरा धुऊन काढला होता. दोन दिवसांचं पाणी त्यात गेलं असणार. धाकूचा पलंग भिंतीला चिकटवला होता आणि तो सगळ्यांकडे टकमक पाहत होता.

प्राचीनं टेप लावून मापं घेतली, नक्षीचे फोटो काढले. कुठे लेख कोरलेला सापडतो का ते तिनं विजेरी घेऊन, गुडघ्यावर बसून पाहिलं. लेख नव्हता. मग ती उठली आणि चित्रापुढे उभी राहिली.

"आजोबा, चौथरा आहे तो साधा आहे. असे बरेच असतात. लेख नाही, नाव नाही. पण तुमच्या चित्रातला घुमट असाच असेल, तर गोष्ट वेगळी. त्याची ठेवण, ही खालची पाकळ्यांची ओळ, अशी या भागात मी पाहिलेली नाही. घुमट इथंच पडला असेल तर जमिनीखाली त्याचे दगड मिळतील. खणून बघावं लागेल. म्हणून नीट आठवून सांगा. तुम्ही पाहिलात तेव्हा घुमट असा पुरा होता?"

आनंद दाराशी उभा होता. त्याला वहीतलं पान स्वच्छ आठवलं. घुमट अखंड, कुठेही तडा नाही. ती वही घरी कपाटात होती. तो घुमट उभा पाहिलेलं आणि सांगू शकणारं भाऊंशिवाय कुणीही उरलं नव्हतं.

भाऊंनी आधी चित्राकडे पाहिलं. मग पलंगाकडे. रंगूबाई धाकूच्या उशाशी उभी होती, तिनं पदराचा शेव तोंडात धरला होता.

"नव्हता," भाऊ म्हणाले.

"म्हणजे?"

"पडलेला होता. नुसते चार दगड होते वर. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, बाई. चित्र छान दिसावं म्हणून मी घुमट मनानं काढला. पाकळ्याबिकळ्या सगळं मनानं."

"खात्रीनं सांगताय?"

"माझाच हात आहे. मला नाही तर कोणाला माहीत? इथं यांचं खोपट होतं, ते मी काढलं नाही. यांना विचारा. गाळायचं ते गाळलं आणि घालायचं ते घातलं. असंच करतात चित्रात."

"व्हता खोपट," रंगूबाई म्हणाली. "ह्यांचा जलम तिकरं झाला."

प्राचीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. तिनं खाली बसून जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि भाऊंपुढे पेन धरलं. भाऊंची सही दोन ओळींवर पसरली.

"साक्षीदार म्हणून तुम्ही करता का, साहेब?" तिनं आनंदला विचारलं.

आनंदनं पेन घेतलं आणि सही केली.

दोघं रिक्षात बसून परत निघाले. चित्र गुडघ्यांवर होतं. मानपाड्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा आनंद म्हणाला, "वहीत अखंड लिहिलंय, भाऊ."

"लिहिलंय. कुणी वही मागितली का?"

"नाही."

"मग." भाऊ बाहेर पाहत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "आयुष्यात एक रेघ खोटी मारली नव्हती मी. कारखान्यात साहेब म्हणायचे, चौबळच्या नकाशावर डोळे मिटून सही करा." पुन्हा थांबून त्यांनी विचारलं, "तू का केलीस सही?"

"दमलोय मी, भाऊ," आनंद म्हणाला. आणि ते इतकं खरं होतं, की पुढे काही सांगण्याची गरज उरली नाही.

अहवाल जूनमध्ये आला. कबरीच्या अवशेषांना संरक्षण देण्याइतका आधार नाही. दगड काढताना क्रमांक टाकून काढावेत आणि शक्य तर जवळच्या बागेत मांडावेत. पुलाबाबत पालिकेनं उचित निर्णय घ्यावा. पुलाचा उचित निर्णय घेणारा म्हणजे आनंदच होता. नोकरीचे शेवटचे सात आठवडे त्यानं त्या एका छोट्या पुलाच्या नकाशावर घालवले. नवा रस्ता त्यानं जुन्या कमानींवर टेकू दिला नाही. दोन्ही बाजूंना खांब देऊन स्लॅब वरून नेला, म्हणजे कमानी खाली तशाच राहतील. वर चालणाऱ्याला त्या दिसणार नव्हत्या. नाल्यात उतरणाऱ्याला दिसतील, आणि नाल्यात कोण उतरतं? तरी त्यानं ते केलं. ठेकेदार कुरकुरला, कार्यकारी अभियंत्यांनी एक शब्द न विचारता सही दिली.

कबरीच्या दगडांवर पांढऱ्या रंगानं आकडे टाकून ते बागेच्या जागेत नेऊन ठेवले. बाग झाली नव्हती. दिवाळीपर्यंत त्यातले निम्मे दगड कुणी कुणी उचलून नेले, आणि उरलेल्यांवर गवत वाढलं.

ताबापत्रं ऑगस्टमध्ये वाटली. आनंद तोवर निवृत्त झाला होता, तरी रंगूबाईची खोली शोधत गेला. पाचवा मजला होता. लिफ्ट होती आणि त्या दिवशी चालूही होती. खोलीला लागून संडास होता, नळ होता. धाकू खिडकीशी बसवलेला होता.

"पानी येतंय, सायेब. सकाल-संध्याकाल, अर्धा-अर्धा तास," रंगूबाईनं नळ सोडून दाखवला. नळातून तेव्हा काही आलं नाही, वेळ झाली नव्हती. ती हसली. "पन हिकरं वारा नाय. आनि ह्ये दिवसभर इचारतात, घरी कवा जायाचा?" तिनं चहा दिला. भाऊ कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाली, "त्यांना सांगा, रंगूबाईनं इचारलंय." एवढं म्हणून ती धाकूची मान उशीवर सारखी करायला वळली. आनंद कप ठेवून उठला.

डिसेंबरात भाऊंचा एक डोळा दुखायला लागला. ठाण्याच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. नवा रस्ता सुरू झाला होता, आणि तिकडून लवकर जाता येतं म्हणून आनंदनं रिक्षावाल्याला तोच रस्ता सांगितला. सिमेंटचा सपाट रस्ता. रिक्षा हादरली नाही की कुठे थांबली नाही. भाऊ लोकरीची टोपी घालून कोपऱ्यात बसले होते.

"खारवली आली की सांग," ते म्हणाले.

आनंद बाहेर पाहत होता. दुभाजकात लावलेली झाडं, एक बसथांबा, घरांच्या जाहिरातीचा मोठा फलक. स्लॅबचा सांधा चाकाखालून गेला तेव्हा टप् असा हलका आवाज झाला. स्वतः काढलेला नकाशा असूनही, खालून कमानी गेल्या हे त्याला क्षणभर उशिरा कळलं.

"गेली मागे, भाऊ," तो म्हणाला.

"बरं," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी दुखरा डोळा हातानं झाकून घेतला.